हिवाळी हिमालयात वारा कसा ओळखावा, कसा टाळावा आणि सापडलात तर काय करावं

केदारकंठाच्या शेवटच्या चढाखाली पहाटे पाचला आमचा गढवाली गाईड थांबला. आकाश स्वच्छ होतं, तारे लखलखत होते, आमच्या 14 जणांच्या गटात सगळे ताजेतवाने होते. त्यानं फक्त माथ्याकडे बोट केलं. माथ्याच्या कडेवरून पांढुरका पट्टा आडवा वाहत होता आणि त्यामागचे तारे झाकले जात होते. "भैजी, ऊपर धुआँ है," एवढंच तो म्हणाला आणि मागे वळला. गटातले निम्मे लोक नाराज झाले. आठ वाजता आम्ही छावणीवर चहा घेत होतो, तेव्हा स्वयंपाकाचा तंबू दोघांनी धरून ठेवावा लागत होता. माथ्यावर तर उभं राहणंही अशक्य झालं असतं.

तो धूर म्हणजे वाऱ्यानं उडणारा बर्फ. तो ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण मी सह्याद्रीत शिकलो. आपण धुक्याला, घसाऱ्याला, आग्या मोहोळाला, पावसाळी ओढ्याला घाबरायला शिकतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचा वारा अंगावर घेत आपण हसत उभे राहतो, कारण तिथे तो वारा जीव घेत नाही. केदारकंठा 3,810 मीटरवर आहे आणि त्याच्या पायथ्याचं सांकरी गावच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापुरातून शेकडो लोक तिथे, ब्रह्मतालला किंवा मनालीकडे जातात. बहुतेकांची तयारी बर्फासाठी असते, वाऱ्यासाठी नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी समजून घ्या: हे वादळ येतं कुठून

हिवाळ्यात पश्चिम हिमालयात बर्फ पाडतात ते पश्चिमी झंझावात. हिंदी बातम्यांत त्यांनाच पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या आसपास कमी दाबाची प्रणाली तयार होते, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण-अफगाणिस्तानावरून पुढे सरकते आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांवर आदळते. डिसेंबर ते मार्च अशा अनेक प्रणाली येतात, काही नुसते ढग आणतात, काही दोन-तीन दिवस सगळं बंद पाडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गहू-हरभरा आडवा करणारी गारपीट होते, तिच्यामागेही अनेकदा याच प्रणालींचा हात असतो.

ट्रेकरच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो वादळाचा क्रम. झंझावात येण्याआधी दक्षिणेकडून ओलसर हवा ओढली जाते आणि रात्र चक्क उबदार वाटते. मग ढग, मग बर्फ. बर्फ थांबला, आकाश निळंशार झालं की लोक सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमका तेव्हा वायव्येकडून कोरडा, थंड, जोराचा वारा सुरू होतो. रात्रीचं तापमान घसरतं. म्हणजे उघडलेलं आकाश हा वादळाचा शेवट नसतो. माझ्या पाहण्यात लोकांची बोटं बधिर झाली ती बहुतेक वेळा बर्फ पडताना नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या लख्ख उन्हात.

फक्त हिवाळाच पाहू नका. 14 ऑक्टोबर 2014 रोजी नेपाळमधल्या 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात बर्फाच्या वादळात 40 हून अधिक माणसं मेली. दोनच दिवसांपूर्वी विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे ते अवशेष होते. आणि जून 2024 च्या सुरुवातीला, मैदानात उन्हाळा असताना, उत्तराखंडमधल्या सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट बर्फाच्या वादळात सापडला आणि 9 जण दगावले. त्यात बहुतेक कर्नाटकातून आलेले होते. ऑक्टोबरात जाणार असाल तर बंगालच्या उपसागरावरही नजर ठेवा.

घरून निघण्याआधी: अंदाज नेमका कसा वाचायचा

निघण्याच्या आठ दिवस आधीपासून रोज अंदाज बघा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा अंदाज कुठे झुकतोय ते कळणं मोलाचं असतं. भारतीय हवामान विभागाची डेहराडून, शिमला, श्रीनगर ही केंद्रं जिल्हावार इशारे देतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. मी माझ्यापुरता नियम केला आहे: नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी तळाच्या गावातून वर निघायचं नाही, मग रजा वाया जावो की पैसे. सरकारचं 'सचेत' ॲप फोनवर घेऊन ठेवा, इशारे त्यावर येतात.

पण जिल्ह्याचा इशारा तुमच्या धारेवरचा वारा सांगत नाही. आणि फोनवर नुसतं गावाचं नाव टाकून मिळणारा अंदाज गावाचाच असतो. त्यासाठी 'विंडी'सारखं ॲप उघडा आणि उंचीची पट्टी सरकवा. तिथे उंची हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबात, दिलेली असते: 700 हेक्टोपास्कलची पातळी म्हणजे साधारण 3,000 मीटर, 600 म्हणजे साधारण 4,200 मीटर. तुमचा माथा 3,800 मीटरवर असेल तर 600 ची पातळी बघा. जमिनीलगतच्या वाऱ्याचा आकडा डोंगरात फसवा असतो, कारण संगणकाच्या नकाशात तुमची अरुंद धार गुळगुळीत झालेली असते. सरासरी वेगाबरोबर झोताचा वेगही बघा. माणूस पडतो तो झोतानं. अंदाज काढणारी युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन्ही संगणकी प्रारूपं तपासा. दोन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा, वेगवेगळं सांगत असतील तर वाईटातलं वाईट धरून चाला.

आकड्यांचा अर्थ असा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून 30 आणि 60 किलोमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताशी 25-30 किलोमीटरला भुसभुशीत बर्फ जमिनीलगत सरपटू लागतो. 50 ला पाठीवर पिशवी असताना सरळ चालणं कठीण. 70 च्या पुढे अरुंद धारेवर उभं राहणं म्हणजे जुगार. नवखे लोक बरोबर असतील आणि माथ्यावर झोत 40 च्या वर दिसत असतील तर मी चढाई रद्द करतो.

आता थंडी. हवेचं तापमान उणे 10 असेल आणि वारा ताशी 20 किलोमीटर, तर उघड्या त्वचेला ते उणे 18 सारखं लागतं. वारा 40 झाला की उणे 21. उणे 15 आणि 50 चा वारा एकत्र आले तर जाणवणारी थंडी उणे 29, आणि त्यात उघडं नाक किंवा गाल अर्ध्या तासात गोठू शकतो. दर 1,000 मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे धरून गावच्या तापमानावरून माथ्याचं तापमान स्वतः काढा. पाच मिनिटांचं गणित आहे, ते प्रत्येकानं करावं.

कपडे: ऊब राखणारे आणि वारा अडवणारे वेगळे

आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ इथे होतो. दोन स्वेटर, त्यावर जाड जॅकेट, आणि वर काहीच नाही. लोकरीतून आणि फ्लीसमधून वारा आरपार जातो. सर्वांत वरचा थर पातळ असला तरी चालेल, पण तो वारा न आत येऊ देणारा आणि टोपीसकट हवा. टोपीची दोरी आवळता आली पाहिजे. तसाच थर पायांनाही. अंगाला लागून थर्मल घाला, जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, कारण घामानं भिजलेलं सूत सुकत नाही.

पोंचो नेऊ नका. सह्याद्रीच्या पावसात तो सोन्यासारखा असतो. हिमालयाच्या धारेवर तो शीड बनतो आणि तुम्हाला ओढतो. पिशवीवरचं पावसाचं आवरणसुद्धा जोराच्या वाऱ्यात काढून आत टाका. मी माझ्या डोळ्यांदेखत एकाचं आवरण फुगून त्याला दोन पावलं कडेला सरकवताना पाहिलं आहे.

हातमोजे तीन थरांत: आत पातळ, त्यावर उबदार, सर्वांत वर वारा अडवणारा, शक्यतो चारही बोटं एकत्र राहणारा. ते दोरीनं मनगटाला बांधा. उडालेला हातमोजा परत मिळत नाही, आणि त्या उंचीवर हातमोजा गेला म्हणजे काही वेळात हातच निकामी होतो. एक जादा जोड पिशवीत कोरडी ठेवा. चेहऱ्याला बालाक्लावा, म्हणजे डोळे सोडून डोकं-मान-चेहरा झाकणारी टोपी, हवा. आणि स्कीचा गॉगल: उन्हाचा साधा चष्मा उडत्या बर्फात काही कामाचा नाही, डोळे उघडता येत नाहीत तर पाय कुठे ठेवणार? बुटांखाली मायक्रोस्पाईक (बर्फात न घसरण्यासाठीचे खिळे), पोटऱ्यांवर गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं आवरण), हे बहुतेक संस्था भाड्यानं देतात; चढाईच्या आदल्या दिवशी उजेडात एकदा घालून-काढून बघा.

परतीची वेळ आदल्या रात्री ठरवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. थंड वाऱ्यात डोकं नीट चालत नाही. त्यात 3,800 मीटरवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम 63 टक्के. अशा अवस्थेत, माथा 200 मीटरवर दिसत असताना, 14 जणांच्या गटात 'परत फिरू' म्हणणं फार अवघड असतं. म्हणून तो निर्णय उबदार तंबूत, जेवणानंतर, सगळ्यांसमोर घ्यायचा.

गाईडला सोबत बसवा आणि तीन गोष्टी ठरवा. पहिली, घड्याळ: माथा आला असो वा नसो, अमुक वाजता परत. हिवाळ्यात दिवस चढतो तसा धारेवरचा वारा बहुधा वाढत जातो, म्हणून मी सकाळी साडेनऊ-दहाच्या पुढे कधी जात नाही. दुसरी, जागा: वृक्षरेषा संपते तिथे थांबून पुन्हा विचार करायचा. तोवर झाडं वारा अडवत असतात, त्यामुळे खरा वारा तिथेच पहिल्यांदा कळतो. तिसरी, माणूस: गटातल्या कुणीही एकानं 'मला जमत नाही' म्हटलं की त्याच्यासोबत कोण खाली जाणार, हे नावानिशी ठरलेलं असावं. एकट्याला कधीही खाली पाठवू नका.

आणि गाईड नाही म्हणाला तर वाद घालू नका. 'एवढे पैसे भरलेत' हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे, तेही घरात लहान मुलं असलेल्या माणसाच्या तोंडून. स्थानिक पोरं या दबावाखाली येतात, कारण हंगाम चार महिन्यांचा असतो आणि वाईट शेरा मिळाला तर पुढचं काम जातं. त्याला आदल्या रात्रीच सांगून टाका: तुझा शब्द शेवटचा.

चालताना काय बघायचं

चंद्राला खळं पडलं की पाऊस, असं आपले शेतकरी म्हणतात. हिमालयात तेच खळं सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती दिसलं आणि पाठोपाठ ढग खाली उतरत गेले तर चोवीस तासांत बर्फाची शक्यता धरा. केसांच्या बटांसारखे उंच ढग, शिखरांवर उलट्या बशीसारखे एका जागी थांबलेले ढग, माथ्यावरून वाहणारा 'धूर', अचानक उबदार झालेली रात्र, या सगळ्या खुणा एकमेकींना पुष्टी देतात. एक दिसली तर लक्ष ठेवा, दोन दिसल्या तर बेत बदला.

उंची दाखवणारं घड्याळ असेल तर झोपताना आकडा टिपून ठेवा. तुम्ही जागचे हलला नाहीत आणि सकाळी घड्याळ 40-50 मीटर जास्त उंची दाखवतंय, म्हणजे हवेचा दाब उतरला आहे. साडेतीन हजार मीटरवर दाब एका हेक्टोपास्कलनं उतरला की असं घड्याळ सुमारे 12 मीटर चढतं. रात्रीत चार हेक्टोपास्कल उतरणं ही वादळाची स्पष्ट चाहूल आहे. मात्र उपग्रहावरून उंची घेणाऱ्या घड्याळात हे कळत नाही, दाबावर चालणारंच हवं.

तंबू आणि रात्र

तंबूची जागा निवडताना सपाटी नंतर बघा, वर काय आहे ते आधी बघा. वाळलेलं किंवा बर्फानं लगडलेलं झाड डोक्यावर नको. वाऱ्यात फांद्या येतात, कधी अख्खं झाड येतं. खिंडीच्या तोंडाशी आणि नाळेच्या पायथ्याशी तंबू नको, पहिल्या ठिकाणी वारा एकवटतो, दुसऱ्या ठिकाणी बर्फ उतरतो.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा, दार वाऱ्याच्या उलट. सगळ्या ताणदोऱ्या बांधा, नुसत्या शोभेपुरत्या दोन नाहीत. भुसभुशीत बर्फात खुंट्या उपटतात. त्याऐवजी कापडी पिशवीत बर्फ भरा किंवा काठी आडवी धरा, तिला दोरी बांधा, हातभर खोल पुरा आणि वरून तुडवा. अर्ध्या तासात तो बर्फ घट्ट होतो आणि हलत नाही. वाऱ्याच्या बाजूला कमरेएवढी बर्फाची भिंत घातली तर रात्र बरी जाते.

बर्फ पडत असेल तर पाळी लावा. दर दीड-दोन तासांनी एकानं उठून तंबू आतून झटकायचा आणि बाजूला साचलेला बर्फ बाहेरून उपसायचा. साचलेल्या बर्फानं तंबू बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे हवेची वाट बंद होते. तंबूत स्टोव्ह, शेगडी, कोळसा काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात डोंगरी गावांत बंद खोलीतल्या अंगीठीनं माणसं मेल्याच्या बातम्या येतात. होमस्टेमध्ये उतरलात तरी हेच लागू.

पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. बूट, फोन आणि टॉर्चचे सेल झोपण्याच्या पिशवीत घ्या. थंडीत बॅटरी अचानक मरते.

उघड्यावर सापडलात तर

पहिली तीन मिनिटं थांबा. हे विचित्र वाटतं, कारण पळावंसं वाटत असतं. पण अंगावर सगळे थर चढवणं, टोपी आवळणं, गॉगल लावणं, खिशात गूळ-चिक्की घेणं हे सगळं हात चालतायत तोवरच होतं. दहा मिनिटांनी चेनसुद्धा लागत नाही.

मग खाली, आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूनं खाली. धार सोडा. मात्र धारेच्या आडोशाकडच्या कडेला वाऱ्यानं बनवलेली बर्फाची झालर असते. वरून ती भक्कम जमीन वाटते, खाली पोकळी असते. कडेपासून चांगलं आत राहून चाला आणि आलेल्या वाटेनंच उतरा. पाऊलखुणा वाऱ्यात काही मिनिटांत बुजतात, म्हणून जाताना फोनवर वाटेची नोंद चालू ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. सगळं पांढरंफटक झालं आणि वर-खाली कळेना, तर सर्वांनी हाताच्या अंतरावर चालायचं, सर्वांत हळू चालणारा पुढून दुसरा, अनुभवी माणूस शेवटी. दर पाच मिनिटांनी मोजणी.

झोत आला की पाय फाकवून, गुडघे वाकवून, दोन्ही काठ्या रोवून वाऱ्याकडे तोंड करून थांबा. फारच जोराचा असेल तर खुशाल गुडघ्यांवर बसा. झोताच्या अचानक थांबण्यानंही तोल जातो, कारण तुम्ही त्याच्यावर रेललेले असता.

उतरणं शक्यच नसेल तर अंगात बळ आहे तोवर आडोसा करा, संपल्यावर नाही. मोठ्या दगडामागे किंवा सपाटीवर बर्फात कमरेएवढा चर खणा. ताट, झाकण, हात, जे असेल त्यानं. खाली पिशव्या आणि चटया टाका, कारण बर्फावर नुसतं बसलं तर ऊब खालून निघून जाते. सगळे एकमेकांना चिकटून बसा, वरून ताडपत्री घ्या, एका बाजूला हवेला भोक ठेवा. दर पंधरा मिनिटांनी बोटं हलवा, एकमेकांची नाकं-गाल बघा. गटात एक मोठी ताडपत्री असावीच, वजन किलोभरसुद्धा नसतं.

वादळ गेल्यानंतरचे दोन दिवस

वारा नुसता बर्फ उडवत नाही, तो हलवतो. धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. आकाशातून वीतभर पडला असेल तर त्या बाजूला हातभर साचतो, आणि तो खालच्या थराला नीट चिकटलेला नसतो. त्याचीच लादी सुटते आणि हिमस्खलन होतं. वादळानंतरचे पहिले 24 ते 48 तास सर्वांत धोक्याचे.

30 ते 45 अंशांचा उतार घातक. फोनमधल्या तिरकसपणा मोजणाऱ्या ॲपनं काठी उतारावर ठेवून तो मोजता येतो. पावलाखाली ढोलासारखा पोकळ आवाज, 'धप्प' असा बसल्याचा आवाज, पावलापासून पळत जाणारी भेग: यातलं काहीही जाणवलं तर आल्या पावली मागे. नाळ आणि घळ ओलांडावीच लागली तर एकेकानं, पिशवीचे कमरपट्टे सोडून, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून डोळे त्याच्यावर ठेवून. संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगडमधल्या केंद्राकडून हिमस्खलनाचे जिल्हावार इशारे निघतात आणि ते बातम्यांतही येतात. चमोली, उत्तरकाशी, किन्नौर, लाहौल-स्पीती ही नावं त्यांत वारंवार दिसतील. 28 फेब्रुवारी 2025 ला माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर बर्फ आला तो सलग बर्फवृष्टी चालू असतानाच. 54 कामगारांपैकी 8 जण वाचू शकले नाहीत.

कुणी गाडला गेला तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की लक्षात ठेवा आणि लगेच खणायला लागा. पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर निघालेले बहुतेक वाचतात, पुढे शक्यता झपाट्यानं घसरते. मदत आणायला सगळे धावलात तर तो वेळ गेला. आणि स्वतःच सापडलात तर बर्फ थांबण्याआधी दोन्ही हात चेहऱ्यासमोर आणून श्वासापुरती पोकळी करा.

माणूस गारठला तर

हुडहुडी भरणं ही शरीराची तक्रार आहे, ती ऐका. बोबडी वळणं, अडखळणं, हातातून वस्तू गळणं, उगाच चिडणं किंवा गप्प होणं, ही पुढची पायरी. सर्वांत फसवी खूण म्हणजे कुडकुडणं थांबणं. 'आता बरं वाटतंय' असं तो म्हणतो, कधी जॅकेट काढू लागतो, आणि सोबतचे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात तो हायपोथर्मियात, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक उतरण्याच्या अवस्थेत, खोल गेलेला असतो. शंका आली तर त्याला सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा, स्वतःची चेन लावायला सांगा. 'मी ठीक आहे' या उत्तरावर विसंबू नका, आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, विशेषतः गटातला म्होरक्या.

त्याला वाऱ्याआड घ्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, खालून चटई, भोवती झोपण्याच्या पिशव्या, बाहेरून ताडपत्री किंवा प्लॅस्टिक. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीवर. पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल तरच कोमट गोड पाणी. हातपाय चोळू नका, जबरदस्तीनं चालवू नका. गंभीर अवस्थेत हिसक्यानंही हृदयाची लय बिघडू शकते. रम नाही. तिनं ऊब आल्यासारखी वाटते, पण त्वचेकडे रक्त वळल्यानं आतली उष्णता आणखी निघून जाते.

हिमदंशात बोट किंवा नाक पांढरट, मेणासारखं, बधिर होतं. बर्फानं चोळायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. वरवरचा असेल तर दुसऱ्याच्या काखेत हात ठेवला तरी पुरे. खोल असेल तर पुन्हा गोठण्याची शक्यता संपल्यावरच 37-39 अंशांच्या पाण्यात घाला. वितळून पुन्हा गोठलेलं बोट वाचवणं फार कठीण.

गाडीत अडकलेल्या कुटुंबांसाठी

नाताळच्या सुट्टीत ट्रेकरांपेक्षा मनालीला जाणारी कुटुंबं कितीतरी जास्त असतात. 27 डिसेंबर 2024 ला सोलंग नाल्याच्या परिसरात हजारभर गाड्या आणि सुमारे 5,000 पर्यटक बर्फात अडकले, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे एका रात्रीत किमान 22 माणसं गाड्यांमध्येच मेली, काही थंडीनं, काही कार्बन मोनॉक्साईडनं. बर्फानं धुरांड्याचं तोंड बुजलं की इंजिनचा धूर गाडीत शिरतो.

म्हणून हे करा. अटल बोगद्यापलीकडे जाण्याआधी टाकी भरलेली, ब्लँकेट, पाणी, खाणं, फावडं गाडीत असू द्या. अडकलात तर गाडी सोडून वादळात चालत निघू नका. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, आणि दर वेळी चालू करण्याआधी बाहेर उतरून धुरांड्याभोवतीचा बर्फ काढा. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. सगळ्यांनी एकदम झोपू नका. डोकं दुखणं, मळमळणं सुरू झालं तर इंजिन बंद करा आणि दारं उघडा. स्थानिक चालकानं 'आज नको' म्हटलं तर त्याच्या शब्दाला मान द्या. सावलीतल्या वळणावरचा काचेसारखा बर्फ त्याला ठाऊक असतो, आपल्याला तो ओला रस्ता वाटतो.

मदत मागताना

112 हा सर्वत्र चालणारा क्रमांक. राज्य आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1070, जिल्ह्यासाठी 1077. आवाज पोचत नसेल तरी एसएमएस कधी कधी जातो, म्हणून मजकूर आधीच लिहून ठेवा: अक्षांश-रेखांश, किती जण, किती जखमी, चालू शकतात का, तिथे वारा आणि दृश्यता कशी. वाटेचा नकाशा आणि परतीची तारीख घरी कुणाकडे तरी लेखी द्या, आणि ठरल्या वेळी संपर्क झाला नाही तर त्यांनी कुणाला फोन करायचा तेही. परदेशातून नातेवाईक उपग्रह फोन किंवा संदेश पाठवणारं यंत्र आणत असतील तर थांबवा. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे.

हेलिकॉप्टर येणार असेल तर बर्फ तुडवून सुमारे 30 मीटर लांब-रुंद सपाट जागा घट्ट करा. ताडपत्री, चटया, टोप्या, सगळं सुटं सामान बांधा किंवा त्यावर दगड ठेवा. एका काठीला रंगीत कापड बांधून रोवा, म्हणजे वैमानिकाला वाऱ्याची दिशा कळेल. एकानंच वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर तिरके पसरून उभं राहायचं; बाकीचे एका बाजूला बसलेले. पंखा फिरत असताना मागच्या बाजूनं किंवा चढाच्या बाजूनं जवळ जायचं नाही. आतून खूण झाली की समोरून, वाकून, एकेकानं.